तिसऱ्या फेऱ्यापर्यंत

रंजीता हलामीला बोलता बोलता टोपली विणता येत नसे, आणि टोपली विणता विणता बोलता येत नसे. कुरखेड्याकडच्या तिच्या जंगलातल्या गावात याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. तिचा बाप चैतू हलामी आसपासच्या सगळ्या गावांना टोपल्या आणि सुपं करून देई, आणि तोही विणायला बसला की मुका होई. दारात पाहुणा आला तर हनुवटीनंच खाट दाखवायची आणि पुन्हा मान खाली. पण रंजीता आता चंद्रपूरला डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिथं न बोलणाऱ्या माणसाला कुणी शिक्षक म्हणत नाही.

दुसऱ्या वर्षी खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवावं लागतं. अशा मुलीला छात्राध्यापिका म्हणतात. अर्धी विद्यार्थिनी, अर्धी शिक्षिका. काही चुकलं की पहिली, काही काम निघालं की दुसरी. रंजीताच्या वाट्याला माजरीची एक शाळा आली. खाणीचा भाग. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाचं पान चोळलं तर बोट काळं होई. रोज दुपारी खाणीत सुरुंग उडे, खिडक्यांची तावदानं खडखडत, आणि मुलं पाढा न थांबवता पुढं म्हणत राहत.

पहिल्याच आठवड्यात रंजीतानं मुलांच्या पुस्तकात वाचलं की कोळसा म्हणजे फार फार जुनं, जमिनीखाली गेलेलं जंगल. हे ती स्वतःही शाळेत शिकली होती, तिनं परीक्षेत लिहिलंही होतं. पण घरापासून इतकं लांब आल्यावर ते वाचताना तिला एकदम गलबलून आलं. म्हणजे आपण जंगल सोडून आलोच नाही, तिला वाटलं, ते इथंही आहे, फक्त पायाखाली आहे. पुढचे दोन दिवस ती आवारातून जरा हलकंच चालली. वर्गात शिकवतानाही मधेच तिची तंद्री लागे. फरशीच्या खाली कुठंतरी वारा सुटलाय, काळी झाडं काळ्या पानांनिशी डुलताहेत, असं तिला दिसे. मग कुणीतरी "मॅडम, पुढं?" म्हणे आणि ती दचकून खडू उचले.

मुख्याध्यापकांनी तिला शनिवारचा कार्यानुभवाचा तास दिला. "तुम्ही तिकडच्या. तुम्हाला बांबू येतच असेल," ते म्हणाले. हे ऐकून तिला थोडा राग आला, कारण तिकडच्या सगळ्यांना काही बांबू येत नाही. पण तिला येत होता, त्यामुळे राग फार वेळ टिकला नाही.

एक मात्र होतं. वर्षाच्या शेवटी याच विषयाचा तिचा वार्षिक पाठ होणार होता. बाहेरून परीक्षक येणार आणि पस्तीस मिनिटं तिचं शिकवणं पाहणार. पहिल्या वर्षी मराठीच्या पाठात ती कशीबशी निघाली होती, "आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही" असा शेरा घेऊन. यंदा पडली तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं असतं तर बा एका शब्दानं रागावला नसता, हेच तर भ्या होतं. तो म्हणाला असता, ये माय, घरी काम हायेच. ती गेली असती. अंगणात बसली असती, मान खाली घातली असती, तिला ते फार आवडलं असतं, आणि मग ती परत कधीच आली नसती. रंजीता स्वतःला चांगलं ओळखून होती.

तर पहिला शनिवार. टेम्पोनं आणून टाकलेल्या हिरव्या बांबूचा ढीग व्हरांड्यात पडलेला, आणि सहावीचा अश्वजित त्याच्यावरून उडी मारायला गेला नि त्याची लाथ लागली. रंजीता कडाडली, "विद्येला पाय लावतो? पुस्तकाला लावतोस का असा? पाया पड आधी!" अश्वजितनं घाबरून बांबूला हात लावून कपाळाला लावला. बाकीच्या तेवीस जणांनीही, उगाच नंतर आपल्यावर यायला नको म्हणून, लावून घेतला. रंजीताचा आवाज त्या दिवशी मागच्या भिंतीच्याही पलीकडे गेला होता. आपल्याला शिक्षक होणं जमणार, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. बिचारी!

तिच्या मार्गदर्शक नंदिनी मॅडम चंद्रपूरच्या विद्यालयातून पाठ बघायला येत. बाई चांगल्या होत्या, पण त्यांची काही मतं सिमेंटमध्ये ओतलेली होती. "शिक्षक उभा असतो, रंजीता. शिक्षक बसला की मुलं झोपतात. सगळं टेबलावर दाखवायचं, आणि दाखवताना तोंड चालू ठेवायचं." म्हणून रंजीतानं टेबलं जोडून घेतली. बांबू चिरून तिनं पातळ कामट्या करून आणल्या होत्या. आठ कामट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवायच्या, की ते झालं टोपलीचं बूड. 'बूड' या शब्दावर वर्ग आठवडाभर हसला. मग त्या आठांमधून एक लांब, लवचीक पट्टी वरून-खालून फिरवत न्यायची. तीन फेरे झाले की बूड पक्कं होतं. तिसरा फेरा बसेपर्यंत मात्र मधे धरून ठेवावं लागतं, नाहीतर ओला बांबू उसळी घेतो आणि सगळ्या कामट्या पसरतात.

टेबलावर ते धरणार कशानं? एक हात धरण्यात गेला तर विणायला एकच उरतो. मुलांनी दगड ठेवून पाहिले, कंपासपेट्या ठेवून पाहिल्या, एकमेकांचे हात उसने घेऊन पाहिले. तीन शनिवार व्हरांड्यात टपटप कामट्या उडत राहिल्या. चोवीस मुलांमधून एकही बूड झालं नाही. खुशबू नावाची मुलगी, वडील खाणीत डंपर चालवणारे, घरी हिंदी बोलणारी, तिनं तिसऱ्या शनिवारी कामट्या खाली ठेवल्या आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, आपको सच में आता है?"

रंजीताला हे फार लागलं. ती काही न बोलता फरशीवर बसली, चपला काढल्या, आठ कामट्या पसरल्या आणि उजवा पाय त्यांच्या मध्यावर ठेवला. टाच खाली, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत कामटी. दोन्ही हात मोकळे झाले. पट्टी सळसळत फिरायला लागली आणि रंजीता तिथून निघूनच गेली. म्हणजे बसलेली होती तिथंच, पण अंगणात होती. शेजारी बा होता, वर मोहाची सावली होती. भानावर आली तेव्हा टोपली वीतभर वर आलेली आणि चोवीस डोकी तिच्यावर झुकलेली. पायानं! तिनं तर पायानंच केलं होतं की जन्मभर. टेबलाच्या नादात ती हे साफ विसरली होती.

चौथ्या शनिवारी तिनं सगळ्यांना खाली बसवलं. बूट-चपला भिंतीशी, पाय कामट्यांवर. आणि आता एक नवीनच गंमत सुरू झाली. पाय टेकला की पोरगं पाय उचलून कामटीला हात लावी आणि कपाळाला लावी. पाय उचलला की बूड सुटलं. पुन्हा जुळव, पुन्हा पाय ठेव, पुन्हा पाया पड. "अरे, पडू नका पाया!" रंजीता म्हणाली. "तुम्हीच सांगितलं ना मॅडम," अश्वजित म्हणाला, "विद्येला पाय लावायचा नाही म्हणून." त्याच्या आवाजात खोडी नव्हती. ज्याला सगळ्यांसमोर रागावलं होतं, त्यानं तो धडा चांगला पाठ केला होता. रंजीतानं उदाहरण म्हणून स्वतः पाय ठेवला, आणि तिचाच हात कपाळाकडे जायला निघाला. घरी कधी गेला नव्हता. शाळेच्या फरशीवर बसल्याबरोबर गेला. तिला हसूही आलं आणि रडूही.

रविवारी दुपारी तिनं बाला फोन लावला. गावात रेंज फक्त बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर येते, म्हणून चैतू जेवण झालं की तिथं जाऊन बसे.

"बा, एक विचारू? आपण टोपलीवर पाय ठेवतो तं पाया काऊन नाई पडत?"

बोडीवरचा वारा फोनमध्ये भरून येत होता.

"पडतो ना वं," चैतू म्हणाला. "तोडाले जातो तवाच पडून घेतो. बांबूले सांगतो का बाबा, तुले चिरीन, तुयावर पाय देईन, राग नको धरू. एक डाव विचारून घेतलं का झालं. मंग पाय बी हातच. घडीघडी पाया पडत बसलं तं सूप कवा होईन?"

"इथं तं बांबू टेम्पोनं आला. त्याले कोनी विचारलं अशीन का नाई, मले का मालूम."

"मंग तुमी विचारा ना. उशीर झाला तं झाला." मग त्यानं विचारलं, "पोरं ध्यान देऊन राह्यले का?"

"देऊन राह्यले."

"मंग बरं हाये," तो म्हणाला, आणि बाकीची पाच मिनिटं बापलेक नेहमीसारखी गप्प बसून एकमेकांकडचा वारा ऐकत राहिली.

पाचव्या शनिवारी रंजीतानं उरलेल्या बांबूच्या ढिगासमोर वर्ग उभा केला आणि म्हणाली, "मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. चूक माझी आहे. पाय लावायच्या आधी विचारायचं असतं, आणि ते एकदाच. आता डोळे मिटा आणि ज्यानं त्यानं आपल्या भाषेत विचारा." मुलांनी डोळे मिटले. कुणी मराठीत पुटपुटलं, कुणी तेलुगूत. खुशबू जरा मोठ्यानंच म्हणाली, "हम तुम्हारे ऊपर पैर रखेंगे, बुरा मत मानना." वाऱ्यानं ढिगातली एक पोकळ नळी हलकेच घुमली. मुलांनी डोळे किलकिले करून एकमेकांकडे पाहिलं. रंजीताला तर वाटलं, फरशीखालच्या काळ्या जंगलानंही हे ऐकलं असणार, त्यालाही आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी एकाही पोरानं पाय उचलला नाही. संध्याकाळपर्यंत नऊ बुडं पक्की झाली. पाठ बघायला आलेल्या नंदिनी मॅडम दाराशी उभं राहून हे सगळं पाहत होत्या.

वार्षिक पाठाच्या दिवशी नंदिनी मॅडम सकाळीच आल्या आणि तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, त्या दिवशी मी सगळं पाहिलं. मला आवडलं, खोटं कशाला बोलू? पण आज टेबलावरच घे. परीक्षक म्हणून रामाजी सर येताहेत. ते पाठाच्या पुस्तकातून एक बोट इकडे तिकडे जात नाहीत. शिक्षिका खाली बसलेली, तोंड बंद, आणि पाय साहित्यावर. त्यांच्या तक्त्यात याला एकही रकाना नाही. तू पास हो, मग आयुष्यभर पायानं शिकव."

सल्ला खरा होता. रंजीतानं मान हलवली आणि तसंच करायचं ठरवलं. खरोखर ठरवलं होतं तिनं.

रामाजी सर मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसले. उंच, पांढऱ्या भुवयांचे, मांडीवर गुणांचा तक्ता. रंजीतानं उभं राहून प्रस्तावना केली, फळ्यावर उद्दिष्ट लिहिलं: टोपलीचं बूड तयार करून तीन फेरे विणणे. आवाज कापत होता, पण होता. मग ती टेबलाशी आली आणि आठ कामट्या जुळवून, डाव्या हातानं दाबून, उजव्यानं विणत, "आता पट्टी वरून, आता खालून," असं बोलायला लागली. पहिल्या फेऱ्यातच कामट्या उडाल्या. तिनं पुन्हा जुळवल्या. पुन्हा उडाल्या. चोवीस मुलं आपापल्या टेबलाशी उभी राहून तेच करत होती, आणि कुणीही तक्रार करत नव्हतं. त्यांना वाटत होतं की आज मॅडमची परीक्षा आहे, तेव्हा आज खोटं खोटंच करायचं असतं. खुशबूचा उजवा पाय बुटातल्या बुटात वळवळत होता. तो रंजीताला दिसला, आणि तिला स्वतःची लाज वाटली. खूप वाटली.

"कामट्या घ्या," ती म्हणाली. "खाली बसा."

नंदिनी मॅडमनी डोळे मिटले. वर्ग एका झपाट्यात खाली आला. बूट भिंतीशी गेले. सगळ्यांनी एकदाच, मिळून, हात कामट्यांना लावून कपाळाला लावले आणि पाय ठेवले. रंजीताही बसली, आणि तिनं आपल्या आठ कामट्यांवर पाय ठेवला. त्यानंतर कुणी बोललंच नाही.

आतापर्यंत रंजीता विणायला बसली की गावी जाई. आज ती कुठंच गेली नाही. हात आपले आपण पट्टी फिरवत होते, आणि डोळे वर्गभर हिंडत होते. अश्वजितची टाच सैल होत होती. तिनं हनुवटीनं खूण केली, त्यानं दाबली. एकीची पट्टी उलटी फिरली होती. रंजीतानं नुसत्या भुवया उंचावल्या, तिनं सरळ केली. कामट्यांचा वास, पट्ट्यांची सळसळ, चोवीस छोटे पाय. तावदानांतून येणारं उन्ह धुळीमुळे मऊ, करडं झालेलं. सगळी खोलीच पाण्याखाली कुठंतरी चाललीय, हळूहळू, आणि आपण तिच्यावर लक्ष ठेवून आहोत, असं तिला वाटत होतं. बाला असंच वाटत असेल का, अंगणात? त्याचं बोलणं बंद असे, पण बघणं? तिनं कधी वर मान करून पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात सुरुंग उडाला. तावदानं खडखडली, छतातून बारीक धूळ झरली, रामाजी सरांच्या हातातलं पेन पडलं. मुलांतलं एकही पाऊल हललं नाही. धूळ केसांवर घेऊन पट्ट्या फिरत राहिल्या. सरांनी वाकून पेन उचललं आणि वाकलेल्याच अवस्थेत बराच वेळ त्या पायांकडे पाहत राहिले.

घंटा झाली. सर उभे राहिले. तक्ता अर्ध्याहून जास्त कोराच होता.

"पाठ संपला," ते म्हणाले. "शिक्षिका पंचवीस मिनिटं बोललेल्या नाहीत. स्पष्टीकरण नाही, प्रश्न नाहीत. बाकी राहू द्या, पण मूल्यमापन तरी? मुलांना समजलं की नाही, हे तुम्ही कसं तपासणार?"

वर्ष गेलं, रंजीताला स्पष्ट दिसलं. बोडीची पाळ दिसली, अंगण दिसलं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, तेव्हा ते देणं भाग होतं.

"पाय काढा," ती मुलांना म्हणाली, आणि तिनं स्वतःचाही काढला.

चोवीस पाय उचलले गेले. क्षणभर काहीच झालं नाही. बुडं जमिनीवर जशीच्या तशी बसून राहिली, काही वाकडी, काही चेपलेली, एक तर चक्क अंडाकृती. पण चोवीसच्या चोवीस पक्की. मग टप्पकन आवाज झाला. एक टोपली उसळली आणि तिच्या कामट्या रामाजी सरांच्या बुटापर्यंत पसरल्या. ती रंजीताची होती.

वर्ग हसला नाही. रंजीता पसरलेल्या कामट्यांकडे पाहत राहिली. लहानपणी पहिल्या पहिल्यांदा सुटल्या असतील तेवढ्याच. त्यानंतर तिच्या पायाखालून टोपली कधी सुटली नव्हती. दोनच फेरे झाले होते. मग हात कधी थांबले, आणि तिसरा घेतलाच नाही, हे तिला कळलंही नव्हतं.

सरांनी एक कामटी उचलली. "बाईंचीच सुटली," ते मुलांकडे वळून म्हणाले. "असं का झालं, कोण सांगेल?"

पंचवीस मिनिटांत वर्गाला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. खुशबूनं हात वर करण्याचीही तसदी घेतली नाही. इतकी सोपी गोष्ट मोठ्या माणसाला सांगावी लागतेय, याचं तिला नवल वाटत होतं.

"मॅडम अपना कहाँ देख रही थी, सर? पूरा टाइम हमाराच तो देख रही थी."

रामाजी सर खुर्चीवर बसले, तक्त्यातले कोरे रकाने एका तिरप्या रेघेनं खोडले, खाली दोन ओळी लिहिल्या आणि सही करून कागद रंजीताच्या हातात दिला. अक्षर जुन्या वळणाचं, टोकदार होतं. "शिक्षिकेची स्वतःची कृती अपूर्ण. पाठ उत्तीर्ण." रंजीतानं ते दोनदा वाचलं, आणि मग तिथंच फरशीवर बसून, मुलांसमोर, लपवायच्या भानगडीत न पडता रडली.